नदी एकाएकी बारीक झाली

रानातल्या, अनेक मुक्कामांच्या भटकंत्या आखणाऱ्या एका संस्थेत माझं काम आहे. गट निघण्याआधी गाडीरस्ता कुठवर चालू आहे, वाट मोकळी आहे का, ओढे पार करण्याजोगे आहेत का, खिंडीत बर्फ किती उरलंय, हे तपासायचं आणि लीडरच्या हातात एक कागद द्यायचा. पाठीवर सॅक घेऊन चालणारे वेगळे, मी खुर्चीत बसणारी. पण तो कागद वाचूनच माणसं निघतात, म्हणून त्यातली प्रत्येक ओळ मला जड वाटते.

त्या दिवशी दोन गटांची जबाबदारी होती. एक दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता. दुसरा आधीच आत होता आणि त्याच दरीने, त्याच रस्त्याला परत यायचा होता. उन्हाळ्याचे पहिले आठवडे, म्हणजे बर्फ जोरात वितळण्याचे दिवस.

सकाळी पाहिलं तर सगळं अनुकूल. रस्त्याच्या सरकारी सूचनेत ‘खुला’ लिहिलेलं. नुकत्याच बाहेर आलेल्या दोघांनी कळवलं होतं की बर्फ फक्त खिंडीखालच्या शेवटच्या चढावर आहे आणि मोठ्या ओढ्यावरचा ओंडका शाबूत आहे. हवामानाचा अंदाज स्वच्छ.

मी अशा प्रत्येक माहितीपुढे तीन गोष्टी लिहिते: कोणी पाहिलं, कधी पाहिलं, कुठे उभं राहून पाहिलं. ‘रस्ता खुला’ हे पुष्कळदा फाटकापाशी उभं राहून सांगितलेलं असतं. फाटकापुढचा कच्चा रस्ता कोणी पाहिलेलाच नसतो, आणि घात तिथेच होतो. एखादी मोरी वाहून जाते, कड खचते, वादळात झाड आडवं पडतं. लोक खिंडीचा अभ्यास महिनाभर करतात आणि रस्त्याची चौकशी एका फोनवर उरकतात. मला हे नेहमीच उलटं वाटत आलंय. खिंडीतून माघारी फिरता येतं. परतायचा रस्ता तुटला, तर फिरायचं कुठे?

सगळ्यात शेवटी मी नदीच्या पाणीपातळीचा आलेख उघडते. जलमापन केंद्रातून दर १५ मिनिटांनी नोंद येते. वितळत्या बर्फावर वाहणाऱ्या नदीचा आलेख लाटेसारखा दिसतो. दुपारच्या उन्हात बर्फ पाघळतं, ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, त्यामुळे केंद्रापाशी पातळी संध्याकाळनंतर चढते आणि पहाटेपासून हळूहळू उतरते. ओढा सकाळी लवकर ओलांडायचा, असं जुनेजाणते सांगतात ते याचसाठी.

त्या दिवशी लाट अर्ध्यातच मोडलेली होती. मध्यरात्रीनंतर, पाणी भरात असायला हवं तेव्हा, रेघ सरळ खाली आली होती. एरवी रात्रभरात जेवढी पातळी उतरते, त्याहून जास्त ती तासाभरात उतरली होती आणि खालीच राहिली होती.

पहिली शंका यंत्राची. केंद्राचा सेन्सर गाळात रुतला की असले आकडे येतात. दुसरी शंका थंडीची, कारण वर कडाक्याने गोठलं तर पाणी आटतं. मी वरच्या हवामान केंद्राचं रात्रीचं तापमान काढलं. हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, या हिशेबाने खिंडीपर्यंतचा अंदाज घेतला. गोठण्याची पातळी, म्हणजे जिथे तापमान शून्याला येतं ती उंची, खिंडीच्या जेमतेम खाली आली होती, तीही पहाटे. एवढ्याने अख्खी नदी मध्यरात्री आटत नाही. मग शेजारच्या दरीतल्या नदीचा आलेख लावून पाहिला. त्याच डोंगररांगेचं बर्फ, तेच ऊन, आणि तिची लाट नेहमीसारखी गोल. म्हणजे जे काही झालं होतं ते आमच्याच दरीत झालं होतं.

वितळण्याच्या ऐन दिवसांत नदी एकाएकी बारीक होते, तेव्हा वरती कुठेतरी ती अडलेली असू शकते. हा विचार मनात आला आणि माझे हात गार पडले.

उपग्रहाची चित्रं पाहिली. सेंटिनेल-२ची चित्रं १० मीटरपर्यंत बारकाई दाखवतात, पण एका ठिकाणाचं चित्र साधारण पाच दिवसांनी येतं. शेवटचं चित्र दरड पडण्याआधीचं आणि त्यावरही ढग. ढगांतून पाहणाऱ्या रडारचं चित्र यायला अवकाश होता. तेव्हा फोन. दरीच्या तोंडाशी, पुलाजवळ एक वनचौकी आहे. तिथल्या पहारेकऱ्यांना लावला.

“दादा, नदी कशी आहे?”

“उतरलीय की ताई. दगड उघडे पडलेत. रात्री मला जाग आली ती आवाज बंद झाला म्हणून. तुमच्या लोकांना पार करायला सोपंच झालं.”

ते मनापासून चांगली बातमी देत होते. पाणी कमी म्हणजे ओलांडायला सोपं, हे एरवी खरंही असतं. त्या दिवशी ओसरलेल्या पात्रात उतरणं याहून घातक दुसरं काही नव्हतं.

“दादा, आत्ता पुलावरून बाजूला व्हा. कोणालाही पात्रात उतरू देऊ नका. वर दरड पडून पाणी तुंबलं असेल असं मला वाटतंय.”

ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “पाणी गढूळ पण आहे ताई. कमी आणि गढूळ.” माझी उरलीसुरली शंका त्याने फिटली. वितळण्याचं पाणी नुसतं कमी झालं असतं, तर ते निवळतं.

आपत्ती नियंत्रण कक्षातल्या अधिकाऱ्यांनीही आधी सेन्सरचाच प्रश्न केला आणि तो रास्तच होता. मी दोन्ही नद्यांचे आलेख आणि चौकीवरून कळलेलं एकत्र पाठवलं. दरडीने पात्रात आडव्या पडलेल्या अशा बांधांना वेळ फार नसतो. कोस्टा आणि शूस्टर या शास्त्रज्ञांनी १९८८ साली दरडींनी तयार होऊन पुढे फुटलेल्या ७३ बांधांची नोंद तपासली, तेव्हा त्यातले चौथ्या हिश्शाहून अधिक एका दिवसाच्या आत फुटलेले आढळले. आणि वेळेत कळलं तर काय साधतं, याचंही उदाहरण आहे. गढवालमध्ये १८९३ साली दरडीने बिरही नदी अडली आणि गोहना ताल तयार झालं. अभियंत्यांनी पाणी कधी वरून वाहील याचा अंदाज बांधला, खोऱ्यात तारयंत्राची लाइन टाकली, लोकांना हलवलं. ऑगस्ट १८९४मध्ये बांध फुटला, गढवालमधलंच श्रीनगर गाव धुऊन गेलं, पण माणसं गेली अवघी पाच.

माझी खरी परीक्षा मात्र आतल्या गटाला निरोप देण्यात होती. त्यांच्याकडे उपग्रहावरून मेसेज घेणारं यंत्र होतं, एका मेसेजला १६० अक्षरांची मर्यादा. गट दरडीच्या वर आहे की खाली, मला माहीत नव्हतं. खाली असेल तर फुटणाऱ्या पाण्याचं भय, वर असेल तर चढणाऱ्या तळ्याचं. दोन्ही परिस्थितींत बरोबर ठरेल असंच लिहायला हवं होतं. अर्धवट समजलेला निरोप न मिळालेल्या निरोपापेक्षा वाईट. म्हणून कारणाच्या आधी, करायचं काय ते लिहिलं: “उंच जागी जा, तिथेच थांबा. नदीकाठ व पात्र टाळा. दरडीने नदी अडल्याची शंका. रस्त्याकडे येऊ नका. जागा व माणसं कळवा.” पाठवला आणि उत्तराची वाट पाहत बसले. डोंगरात आकाश अरुंद असतं, उपग्रह माथ्यावर येईपर्यंत मेसेज अडकून राहतो. माहीत असूनही ती मिनिटं सरत नव्हती.

उत्तर आलं: सगळे ठीक, ओंडक्याच्या ओढ्यापलीकडे, वरच्या कुरणाकडे चढतोय.

दुपारी रस्त्याच्या पथकाने ड्रोन उडवला. उजवीकडच्या घळीतून दगड, चिखल आणि झाडांचा लोंढा उतरून पात्रात आडवा पसरला होता. मागे तपकिरी पाणी, त्यात झाडांचे शेंडे. समोरच्या काठाने जाणारा रस्ता पूर्ण शाबूत होता. सूचनेतलं ‘खुला’ अक्षरशः खरं होतं, त्या घटकेलाही. उद्याचा गट त्या रस्त्याने आरामात आत गेला असता आणि नदीकाठच्या मोकळ्या जागेत गाड्या लावून चालू पडला असता.

त्या गटाच्या लीडरने विचारलं, दोन दिवस पुढे ढकलू का? मी नाही म्हणाले. बांध फुटल्यावरही काठ कित्येक दिवस ढासळत राहतात आणि घळीत सुटा माल उरलेला असतो, पुढच्या पावसात तो पुन्हा उतरतो. ती दरी त्या मोसमापुरती मी कागदावरून काढून टाकली. लीडर नाराज झाला. त्याची महिन्यांची तयारी होती, मलाही वाईट वाटलं, पण निर्णय बदलला नाही.

संध्याकाळी पाणी बांधावरून वाहू लागलं आणि बघता बघता त्याने बांध कापला. आलेखाची रेघ उभी वर गेली. पुलाचा एक बाजूचा भराव आणि गाड्या लावायच्या जागेखालची कड वाहून गेली. काठावर कोणी नव्हतं.

आतल्या गटासाठी आता दुसरी वाट हवी होती. पूर्वेची खिंड जवळची, पण तिचा पलीकडचा उतार उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे बर्फ जास्त. रात्री ते गोठायला हवं, तरच पहाटे पाय रुतणार नाहीत आणि ओढ्यांवरचे हिमपूल भार पेलतील. रात्रीचं आकाश निरभ्र राहणार होतं, गोठण्याची पातळी खिंडीच्या बरीच खाली येणार होती. शिधा एक दिवस जास्तीचा होता. पलीकडच्या रस्त्याचं फाटक मात्र हंगामी कुलपात होतं. त्या विभागाला फोन केला आणि थेट विचारलं, फाटकापलीकडे शेवटचं कोण गेलं होतं? कोणीच नाही, असं प्रामाणिक उत्तर मिळालं. मग त्यांनी रात्रीच्या आत एक माणूस मोटारसायकलने शेवटपर्यंत पाठवला. एक झाड आडवं होतं, ते कापून बाजूला केलं.

गट दुसऱ्या दिवशी अंधारातच निघाला आणि ऊन तापण्याआधी बर्फावरून खाली आला. फाटकाशी गाडी उभी होती. लीडरने बूट सोडण्याआधी फोन केला आणि उताराचं वर्णन सांगितलं: वरचा निम्मा टणक, खालचा मऊ, डावीकडचा हिमपूल खालून पोखरलेला. मी ते वेळेसकट लिहून घेतलं.