स्टिकर म्हणतो ३३, पंपावरचा म्हणतो ३०

मे महिन्यात समृद्धीवरून नागपूरला गाडी न्यायची म्हटलं की घरातल्या प्रत्येकाला टायरमधलं कळायला लागतं, म्हणजे हवा किती भरायची ते (तिचा दाब पीएसआय या मापात मोजतात). दीर म्हणाले, "उन्हाळा आहे, २८ च्या वर जाऊ नकोस." सोसायटीतल्या काकांचा आग्रह ४० चा, मायलेज वाढतं म्हणून. चालकाच्या दाराच्या खांबावर कंपनीचा स्टिकर आहे: एरवी चारही चाकांत ३३, गाडी पूर्ण भरली तर मागे ३६. तो वाचायला मात्र कोणी वाकत नाही.

कंपनी सांगेल ते डोळे झाकून मानावं असंही नाही. अमेरिकेत फोर्डने एक्सप्लोरर गाडीला २६ पीएसआय सुचवलं होतं, टायरवाल्या फायरस्टोनचं म्हणणं ३० हवं. टायरचे थर सुटून गाड्या उलटल्या, माणसं गेली. २००० साली ६५ लाख टायर परत मागवले आणि दोघे एकमेकांकडे बोट दाखवत बसले. तरी मी स्टिकरच धरला. तो आकडा निदान याच गाडीचं वजन आणि याच मापाचे टायर बघून काढलाय. दिरांचा कशावरून?

निघताना हवा बरोबर होती, गाडी भरलेली म्हणून मागे ३६. खरा वैताग पुढे, महामार्गावरच्या एका पंपावर. हवेवरच्या पोराने मागच्या चाकाला पाइप लावला, पडद्यावर ४१ आलं आणि त्याने डोळेच मोठे केले. "मॅडम, फुटंल ना टायर! ३० करून देतो." नको म्हटलं तर, "साहेब कुठं आहेत?" साहेब मागच्या सीटवर घोरत होते. मी म्हटलं, दादा, गाडी तासभर पळालीये, टायर तापलेत, चार-पाच पीएसआय वाढणारच. स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो, दोन-तीन तास उभ्या गाडीचा. कंपनीने तापून वाढणारं धरूनच तो दिलाय. आत्ता ३० केलंस तर उद्या सकाळी २५-२६ भरेल. "आम्ही रोज शंभर गाड्या करतो," हे त्याचं उत्तर, आणि बोट मशीनच्या बटणावर. तोवर मागचा एसयूव्हीवाला हॉर्नवर हॉर्न. शेवटी मी खाली बसून पाइप स्वतःच काढला आणि व्हॉल्व्हची टोपी लावली. पोरगा मान हलवत पुढच्या गाडीकडे गेला, तिचे चारही टायर बिनबोभाट ३० वर आणले.

राग त्याच्यावर नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नाही. पण कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, दबून दबून जास्त तापतो आणि उन्हात फुटतो तो बहुधा हाच. म्हणजे फुटू नये म्हणून हवा काढायची आणि फुटायची सोय करायची!

आता हवेचा दाब मोजायचं साधं गेज डिकीतच असतं. सकाळी गाडी हलवण्याआधी बघते. पंपांच्या गेजचं एकमेकांत जमत नाही, त्यामुळे एकच गेज धरा. टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरायला पैसे मोजायच्या आधी लक्षात घ्या, फुकटच्या हवेत तो ७८ टक्के असतोच. हां, आणि काकांचा ४०: टायरच्या कडेवर ५१ लिहिलंय, मग ४० ला काय होतंय, असा त्यांचा हिशेब. ५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. स्टेपनी अरुंद, तात्पुरती असेल तर तिचा आकडा वेगळा, बहुतेकदा ६०. तोही बघून ठेवा, स्टेपनीत हवा आहे का हे पंक्चर झाल्याशिवाय कोणी बघत नाही.