सांगकाम्याने परवाचं ऐकलं

"ताई, पंप आपला आपण चालू-बंद होतोय. आम्ही कुणीच मेसेज केलेला नाही."

मामांचा आवाज एरवी फोन कानापासून लांब धरावा लागेल असा. त्या सकाळी तो एकदम खाली आला होता. मी म्हटलं, आधी मोटारीचा मेन स्विच पाडा.

"तो कधीच पाडला हो. पण तुमचा डबा अजून टकटक करतोय."

तुमचा डबा म्हणजे माझा डबा. आत एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, एक यूएसबी मोडेम, मोडेममध्ये सिम कार्ड आणि मोटारीच्या स्टार्टरला जोडलेला एक रिले, म्हणजे संगणकाच्या इशाऱ्यावर टक् करून चालू-बंद होणारा स्विच. दोन महिन्यांपूर्वी मी तो विहिरीजवळच्या खोलीत भिंतीला ठोकला होता. संस्थेच्या इमारती तिथून लांब. इंटरनेट तिथवर पोचत नाही, पण मोबाइलची रेंज बरी. म्हणून सगळं साध्या एसएमएसवर चालवायचं ठरलं. ठरलेल्या तीन नंबरांपैकी कुणी 'चालू' पाठवलं की पंप चालू, 'बंद' म्हटलं की बंद, 'पातळी' विचारलं की विहिरीत पाणी किती ते उत्तर. लोक 'चालु'ही लिहितात, शेवटी पूर्णविराम देतात, पुढे-मागे रिकामी जागा सोडतात. तेवढं सगळं मी धरलं होतं आणि त्याचा मला जरा अभिमानच होता.

बसवायला गेले तेव्हा वाटलं होतं, दोन तासांचं काम. मोडेमशी ओळख होण्यातच दुपार झाली. या मोडेमांची एक खोड असते. यूएसबीत खोचला की तो आधी आपण सीडी ड्राइव्ह असल्याची बतावणी करतो, कारण विंडोजसाठीचा ड्रायव्हर त्याने स्वतःच्याच पोटात बाळगलेला असतो. लिनक्सवर, म्हणजे माझ्या डब्यातला संगणक ज्यावर चालतो त्या प्रणालीवर, यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्रॅम त्याला खऱ्या रूपात आणतो. खऱ्या रूपात आला तर एका मोडेमची तीन सिरियल पोर्ट, म्हणजे त्याच्याशी बोलायची तीन दारं झाली : टीटीवाय-यूएसबी ०, १ आणि २. यातलं बोलकं कुठलं? प्रत्येकावर 'एटी' टाइप करून बघायचं, 'ओके' आलं तर ते आपलं. ही 'एटी'ची भाषा हेझ कंपनीने १९८१ साली टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या मोडेमसाठी काढली. सिम कार्डवालं यंत्रही अजून तीच बोलतं. मला शून्यावर 'ओके' मिळालं आणि दोन सेकंदांत तेच पोर्ट मुकं झालं. मोडेम मॅनेजर नावाचा दुसराच प्रोग्रॅम मधल्या मधे पोर्ट बळकावत होता. त्याला घरी पाठवलं.

मग गॅमू हे मोडेमवरून एसएमएस हाताळणारं सॉफ्टवेअर बसवलं. त्याच्यासोबत येणारा एसएमएसडी हा प्रोग्रॅम पडद्यावर काहीही न दाखवता मागे चालत राहतो. ठरावीक वेळाने मोडेमला विचारतो, काही आलंय का? आलं असेल तर सिमवरून उचलून एका फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवतो, सिमवरून पुसतो आणि आपण नेमून दिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आपण लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, चालवतो. जाणारा संदेश दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला की तो उचलून पाठवतो. निरोप डेटाबेसमध्येही ठेवता येतात, पण तीन माणसांच्या पंपाला डेटाबेस कशाला?

माझी स्क्रिप्ट हाताने चालवली तर रिले वाजायचा, एसएमएसडीने चालवली तर ढिम्म. कारण नेहमीचंच : तो प्रोग्रॅम वेगळ्या युजरच्या नावाने चालत होता आणि त्या युजरला रिलेच्या पिनला हात लावायची परवानगी नव्हती. हे सापडायला लागलेला वेळ मी कुणाला सांगितलेला नाही.

उत्तरं मराठीत हवी होती. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीची अक्षरं सात-सात बिटांत बसतात म्हणून १६० जातात. देवनागरीला प्रत्येकी दोन बाइट लागतात, म्हणून ७०. त्यात आपलं जोडाक्षर एक दिसतं आणि जागा तीन-चार खातं. 'विद्यार्थ्यांना' हा एकच शब्द १५ जागा घेतो. सत्तरच्या पुढे गेलात की संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात, कारण तुकडे पुन्हा जोडायच्या खुणांना जागा लागते. तेव्हा उत्तरं तुटक ठेवली. 'पंप चालू.' 'पंप बंद.' 'आदेश कळला नाही.'

असल्या मागे राबणाऱ्या प्रोग्रॅमला डीमन म्हणतात. १९६३ च्या सुमारास एमआयटीतल्या लोकांनी हे नाव ठेवलं ते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातल्या डीमनवरून, जो न थकता एकेक रेणू निवडत बसतो. मला विचाराल तर आपल्या गोष्टीतला सांगकाम्या जास्त जवळचा. सांगितलं तेवढंच करतो, सांगितलं तसंच करतो. गोष्टीत त्याचं काय होतं, ते तेव्हाच आठवायला हवं होतं.

पोचले तेव्हा मामा खोलीच्या दाराशीच उभे होते, आत जायला नको म्हणून. टकटक थांबली होती. मी लॅपटॉप जोडला आणि आधी येणाऱ्या निरोपांचं फोल्डर उघडलं. त्या सकाळच्या ३१ फाइली. १४ 'चालू', ६ 'बंद', १० 'पातळी' आणि मामांच्या नंबरवरून आलेला एक : 'ऐकू येतंय का'. त्याला माझ्या डब्याने त्या सकाळी इमानदारीत उत्तर दिलं होतं, 'आदेश कळला नाही.'

"मामा, हे तुम्ही पाठवलं?"

"पाठवलं की. पण परवा!"

या फाइलींची नावं एसएमएसडी विशिष्ट पद्धतीने ठेवतो : आधी तारीख, मग वेळ, मग पाठवणाऱ्याचा नंबर. ही वेळ डब्याच्या घड्याळाची नसते. संदेश मोबाइल कंपनीच्या संदेश-केंद्रात पोचतो, तेव्हा केंद्र त्याच्यावर शिक्का मारतं, ती ही वेळ. माझी स्क्रिप्ट नंबर तेवढा कापून घ्यायची, बाकीचं नाव सोडून द्यायची. ३१ च्या ३१ नावांवर परवाची आणि कालची तारीख होती. दोन महिने ती प्रत्येक निरोपावर लिहिलेली येत होती आणि मी वाचली नव्हती.

बाकीचं लॉगमधून, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदींमधून, उलगडत गेलं. परवा मोटार सुरू होताना विजेचा झटका बसला असावा, कारण नेमक्या त्याच क्षणी मोडेम यूएसबीवरून सुटल्याची नोंद होती. दोन सेकंदांत तो परत जोडला गेला. पण जुनं शून्य नंबरचं पोर्ट एसएमएसडीने अजून धरून ठेवलेलं, म्हणून मोडेमला नवे नंबर मिळाले : १, २, ३. नंतर एसएमएसडीने शून्य सोडलं आणि पुन्हा उघडायला गेला, तर शून्य नावाचं काही उरलेलंच नव्हतं. सेटिंगमध्ये मीच शून्य लिहून ठेवलेलं. मग दोन दिवस तो तेच दार ठोठावत बसला. गंमत म्हणजे असल्या प्रोग्रॅमांवर देखरेख ठेवणाऱ्या लिनक्समधल्या सिस्टमडीच्या लेखी सगळं आलबेल होतं, स्थिती हिरव्या अक्षरांत 'चालू'. प्रोग्रॅम जिवंत होता, फक्त बहिरा झाला होता.

मोडेमला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. तो नेटवर्कवर हजर होता आणि आलेले निरोप सिमवर घेत होता. त्या सिमवर २० निरोप मावायचे. ते भरल्यावर पुढचे ११ संदेश-केंद्राने स्वतःकडे थोपवून धरले. फोन बंद असला तरी मेसेज नंतर मिळतो तो याच सोयीमुळे, आणि इतकी वर्षं मी या सोयीचं कौतुकच करत आले होते. उत्तर येत नाही म्हणून तिघेही पुन्हा पुन्हा पाठवत राहिले, शेवटी चालत जाऊन हाताने बटण दाबू लागले. रेंज गेली असेल, असं धरून मला कुणी कळवलं नाही.

त्या सकाळी मामांनी सगळ्या यंत्रांवरचा जुना उपाय केला : प्लग काढला, लावला. पोर्ट परत ०, १, २. एसएमएसडीला दार उघडं मिळालं. त्याने सिमवरचे २० निरोप ज्या खणात जसे होते तसे उचलले, एकेक पाळला, पुसला. जागा झाल्याचं मोडेमने नेटवर्कला कळवलं आणि केंद्राने उरलेले ११ ओतले. तेही पाळले. चालू, चालू, पातळी, बंद, चालू. मामांनी मेन स्विच पाडला नसता तर स्टार्टर जळायलाही वेळ लागला नसता.

पोर्टचा बंदोबस्त सोपा होता. लिनक्स प्रत्येक सिरियल यंत्राला त्याच्या ओळखीवरून एक कायमचं नावही देतं, ते सेटिंगमध्ये लिहिलं. आता मोडेमने कितीही नंबर बदलले तरी हरकत नाही. हे पहिल्याच दिवशी करतात. मला माहीतही होतं.

जुन्या निरोपांसाठी वाटलं, एक अट टाकली की झालं : केंद्राचा शिक्का १० मिनिटांहून जुना असेल तर पाळायचं नाही. अट लिहिली, मामांना 'पातळी' पाठवायला सांगितलं, तर शिक्क्याची वेळ डब्याच्या वेळेच्या साडेचार तास पुढे. म्हणजे निरोप भविष्यातून आलेला! मग ट्यूब पेटली. त्या डब्यात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. तो वेळ अधूनमधून फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि वीज गेली-आली की तिथूनच मोजायला लागतो. इंटरनेट असतं तर वेळ जुळवून घेतली असती. दोन महिन्यांत वीज जितकी गेली, तितका तो मागे पडत गेला होता. या हिशेबाने चार तास शिळा 'चालू' त्याला भविष्यातलाच वाटला असता आणि त्याने पंप सुरू केला असता.

घड्याळाचा सुटा भाग मिळतो, पण त्या दिवशी तो माझ्या पिशवीत नव्हता. पायरीवर बसून शिक्क्यांकडे बघत होते आणि वाटलं, बरोबर घड्याळ तर समोरच आहे, फक्त ते केंद्रात आहे. डब्याने स्वतःच्याच नंबरला मेसेज केला तर? निरोप केंद्रापर्यंत जाईल, शिक्का घेऊन परत येईल. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला गेला तोही संगणकावरून फोनवर. संगणकाने स्वतःलाच पाठवायला कुणाची ना नाही.

मग तसंच लिहिलं. डबा सुरू झाला की रिलेला कुलूप. आधी स्वतःला 'मी आहे' असा निरोप धाडायचा. तो एका मिनिटाच्या आत परत आला तर शिक्क्यावरची वेळ घड्याळाला लावायची. उशीर झाला तर तो निरोप फेकून पुन्हा धाडायचा, कारण वाटेत रखडलेल्या शिक्क्यावर घड्याळ लावलं तर पुन्हा तेच रडगाणं. वेळ लागल्यावरच कुलूप काढायचं आणि साचलेले निरोप बघायला घ्यायचे. रोज पहाटे पुन्हा एकदा 'मी आहे'. यात फुकटात आणखी एक गोष्ट मिळाली : जाणं आणि येणं दोन्ही चालू आहे याची रोजची खात्री. तीनदा परत आलं नाही तर डबा खोलीबाहेरचा लाल दिवा लावतो. मेसेज करून कळवणार कसा?

संध्याकाळी प्लग काढला आणि मामांना म्हटलं, पाठवा 'चालू'. त्यांनी पाठवला. वीस मिनिटं आम्ही नुसते बसून राहिलो. मग प्लग लावला. मोडेमचा दिवा लागला, जरा वेळाने 'मी आहे' गेलं आणि अकरा सेकंदांनी परत आलं. रिले गप्प. मामांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून मोठ्याने वाचला, "जुना निरोप. पंप चालू केला नाही."

"मग आता काय करायचं?"

"आता पुन्हा पाठवा."

त्यांनी 'चालु' लिहून पाठवलं. रिले एकदा वाजला आणि मोटार सुरू झाली. "मग हे असं आधी नव्हतं का लिहिता येत?" मामा म्हणाले आणि व्हॉल्व्ह बघायला गेले.