टॉमकॅट विंडोजवर टाकू का लिनक्सवर? तुम्ही विचारलंत म्हणून

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, कुठेही कामाला गेलो की हा प्रश्न येतोच. पतसंस्थेचे मॅनेजर विचारतात, जिनिंगवाले विचारतात, इंजिनिअरिंगची पोरं तर हमखास विचारतात, "भाऊ, जावा कुठेही चालतं म्हणतात ना, मग टॉमकॅट विंडोजवर टाकलं काय आन् लिनक्सवर टाकलं काय, फरक काय पडतो?" फोनवर सांगायला गेलं की अर्धंच राहतं म्हणून इथे नीट लिहितो.

टॉमकॅट म्हणजे जावा भाषेत लिहिलेली वेब ॲप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर, आणि तो दोन्हीकडे चालतो, छान चालतो. सन कंपनीने १९९९ मध्ये ते अपाचे फाउंडेशनला दिलं, तेव्हापासून ते ओपन सोर्स आहे, म्हणजे मोठ्या कंपन्या जे वापरतात तेच सावद्याचा केळीचा व्यापारी एक रुपया लायसन्स न भरता वापरू शकतो, आणि मला ही गोष्ट खरंच फार मोठी वाटते. वॉर फाइल (ॲप्लिकेशनची एकत्र बांधलेली फाइल) विंडोजवर बिल्ड करा, उचलून उबुंटू लिनक्सवर ठेवा, चालते. जावा आपल्याला न विचारता ज्या गोष्टी ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतं तिथे अडतं, म्हणजे अक्षरांचं एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत), फॉन्ट, टाइमझोन, फाइलींची नावं. आणि आपला डेटा मराठी असल्यामुळे आपल्याला हे पहिल्याच दिवशी दिसतं, नुसता इंग्रजी डेटा असला की वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही.

एन्कोडिंगचंच बघा. जावाची अठरावी आवृत्ती मार्च २०२२ मध्ये आली, तिथून पुढे डिफॉल्ट यूटीएफ-८ (सगळ्या भाषांची अक्षरं मावणारं एन्कोडिंग) झालं. त्याआधीचं जावा, आणि आपल्याकडे जावा ८ अजून ढिगाने आहे, ते सिस्टीमला विचारतं की बाबा तुझं एन्कोडिंग कोणतं. विंडोज साधारणपणे १२५२ नावाचं जुनं कोडपेज सांगतं, त्यात देवनागरी नाहीच. लिनक्स बहुतेक वेळा यूटीएफ-८ सांगतं, पण टॉमकॅट सिस्टमडीमधून (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) सुरू झालं आणि तिथे लँग (भाषा आणि एन्कोडिंगचं सेटिंग) सेट नसेल तर जावा थेट आस्कीवर जातं, ज्यात फक्त इंग्रजी अक्षरं असतात. म्हणून होतं काय, की टर्मिनलमधून हाताने सुरू केलं तेव्हा सगळं मराठी व्यवस्थित, आणि रात्री सर्व्हर रिस्टार्ट झाला की सकाळी एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये सभासदांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. मग सगळे डेटाबेसला दोष देतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, फार कामाची आहे. साधी प्रश्नचिन्हं फाइलमध्येच लिहिली गेली असतील तर ती अक्षरं गेली, त्या फाइलमधून परत येत नाहीत, मूळ डेटाकडेच जावं लागतं. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या मागे कचरा असं दिसत असेल तर घाबरू नका, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि ते तीन बाइट कोणीतरी १२५२ समजून वाचतंय एवढंच, तशीच परत सेव्ह केली नसेल तर फाइल शाबूत आहे. जुन्या जावावर फाइल डॉट एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्टार्टअपलाच द्या आणि लिनक्सच्या सर्व्हिस फाइलमध्ये लँगही द्या, कारण 'सातबारा रावेर' असं फाइलचंच नाव मराठीत असेल तर जावा त्याचं एन्कोडिंग सिस्टीमच्या लोकॅलवरून (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून) ठरवतं, नवीन जावा घेतलं तरी ते बदललेलं नाही.

फॉन्टचंही तसंच. विंडोजवर मंगल किंवा निर्मलासारखा देवनागरी फॉन्ट असतो म्हणून पावती छान छापते, लिनक्स सर्व्हरवर बहुतेकदा देवनागरी फॉन्टच नसतो म्हणून नुसते चौकोन येतात. देवनागरीचा मोफत फॉन्ट, उदाहरणार्थ नोटो, ॲप्लिकेशनसोबतच द्या.

मग लाइट. आपल्याकडे मे महिन्यात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. लाइट आल्यावर टॉमकॅट आपोआप उठलं पाहिजे, म्हणून विंडोजवर स्टार्टअपच्या बॅच फाइलवर डबल क्लिक करून ती काळी खिडकी मिनिमाइझ करून ठेवू नका, सर्व्हिस म्हणून, म्हणजे मशीन सुरू होताच आपोआप चालू होईल असं, इन्स्टॉल करा. फक्त सर्व्हिस केल्यावर सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत जातं, सेटएन्व्ह फाइल (टॉमकॅटची स्टार्टअप सेटिंगं ठेवायची फाइल) कितीही बदलली तरी सर्व्हिस ती वाचत नाही, ते टॉमकॅटच्या छोट्या कॉन्फिगर खिडकीतूनच बदलावं लागतं. लिनक्सवर सर्व्हिस एनेबल केली की झालं, पण टॉमकॅटचा वेगळा यूजर करा, रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरने, चालवू नका. ८० नंबरचा पोर्ट साध्या यूजरला मिळत नाही म्हणून रूट देणारे खूप बघितलेत. पुढे एनजिनएक्स (८० वरच्या विनंत्या घेऊन टॉमकॅटला देणारा वेब सर्व्हर) ठेवा आणि टॉमकॅट ८०८० वरच राहू द्या.

बाकी किरकोळ: लिनक्सला लोगोच्या फाइलनावात कॅपिटल आणि स्मॉल एल वेगळे, विंडोजला सहसा एकच. विंडोजवर वापरात असलेली जार फाइल (जावा लायब्ररीची फाइल) डिलीट होत नाही, त्यामुळे नवीन वॉर टाकताना जुनं अडकतं, तिथे मी सरळ सर्व्हिस थांबवूनच टाकतो. क्लाउड सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक वेळेवर) असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि पतसंस्थेत तर पहाटेची एंट्री आदल्या तारखेला पडते. आणि टॉमकॅट १० वर जुनं ॲप्लिकेशन चाललं नाही तर लिनक्सला नावं ठेवू नका, कोडमधल्या पॅकेजांच्या नावांत जावाएक्सचं जकार्ता झालंय तिथे, विंडोजवरही ते चालणार नाही.

आता तुमचं उत्तर. माझी आवड लिनक्स आहे, कमी रॅममध्ये भागतं, लॉग बघायला सोपं आणि सर्व्हरचं लायसन्सही लागत नाही. पण चोपड्याच्या एखाद्या ऑफिसात एकच ऑपरेटर आहे, त्याला विंडोजच येतं आणि मी तिथे पोचायला दुपार होते, तर तिथे विंडोजच टाका. मशीनजवळ बसणाऱ्या माणसाला जे सांभाळता येतं ते घ्यायचं.

आणि पोरांनो, तुम्ही विचारता की लॅपटॉप विंडोजचा आहे, लिनक्स कुठे शिकू? त्याच लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) टाका, दोन्हीकडे टॉमकॅट लावा, एकच वॉर दोन्हीत टाका, 'ज्ञानेश्वर' नावाचा सभासद भरा, मराठी नावाची फाइल अपलोड करा, पीडीएफ काढा, सगळं रिस्टार्ट करा आणि परत उघडून बघा.