येरळवाडी-मायणी-राजेवाडी: तळ्याकाठची माती, मेंढरं आणि दोन दिवस

फेब्रुवारीच्या शेवटी शनिवार-रविवार धरून सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माण-खटाव तालुक्यांतल्या तळ्यांना जाऊन आलो. तिथं जाणारे बहुतेक जण रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला जातात, मीही आधी त्याच्यासाठीच जायचो, पण यावेळी मुद्दाम काठची माती बघायची होती. कारण असं की गेल्या वर्षी मामांच्या गाळपेरीच्या तुकड्यात हरभरा पट्ट्यापट्ट्यानं आला होता, एक पट्टा चांगला घाट्यानं भरलेला आणि शेजारचा पिवळा पडून वीतभरावरच थांबलेला, बी तेच, पेरणी एकाच दिवसाची, आणि मामा सहज बोलून गेले की तिथनं म्हसरं पाण्यावर जायची रे, वाट होती ती. ते डोक्यातनं जाईना.

ज्यांना गाळपेर माहीत नाही त्यांच्यासाठी: तलावाचं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागतं तशी बुडालेली जमीन उघडी पडते, वर ताजा गाळ असतो, त्याच्या ओलीवर हरभरा, ज्वारी, मका असं काहीतरी घेतात. त्याच पट्ट्यात गुरं चरतात आणि त्याच पट्ट्यात पक्षी खातात. म्हणजे सगळ्यांची नजर एकाच चिखलावर असते.

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, वडूज असा रस्ता आहे. वर्धनगडाचा घाट ओलांडला की पलीकडं एकदम वेगळा जिल्हा लागल्यासारखं वाटतं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडं पाचशेच्या आसपास, तोही दोन-चार दणक्यात पडून जाणारा. वडूजला पेट्रोल आणि पाणी भरून घ्या, पुढं तळ्याच्या कडेला काही मिळत नाही. सकाळी सात-साडेसातला तळ्यावर असाल असं निघा, अकरानंतर ऊनही लागतं आणि उजेडाच्या झगमगीत पक्षीही नीट दिसत नाहीत.

येरळवाडीला मामा सोबत होते. मी घरनं एक डबा घेऊन गेलेलो, तेलाचा साधा पत्र्याचा गोल डबा, १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजू कापून नुसती कडी केलेली. हा डबा मातीत दोनेक इंच ठोकायचा आणि त्यात साधारण ४५० मिली पाणी ओतायचं, म्हणजे एक इंच पाऊस पडल्यासारखं होतं, आणि मग ते किती वेळात मुरतं ते बघत बसायचं. एवढंच. पण एक लक्षात ठेवा, काळी माती वाळली की भेगाळते आणि पहिलं पाणी भेगांतनं भसकन खाली जातं, त्यामुळं पहिल्या ओतण्यावर विश्वास ठेवायचा नाही, पहिलं पाणी मुरू द्यायचं आणि दुसऱ्यांदा ओतून मग वेळ बघायचा.

पहिल्यांदा डबा लावला तो म्हसरांच्या पाणवठ्यावर. तिथली जमीन लांबनं बघितली तर वाळलेली दिसते, पण पाय ठेवला की कळतं, खुरांच्या खळ्याच खळ्या, आणि खळ्यांच्या मधली माती विटेसारखी. डबा ठोकायलाच दगड घ्यावा लागला. पाणी ओतलं, थर्मासातला चहा काढला, दोघांचा चहा पिऊन झाला, मामांनी तंबाखू मळली, तरी पाणी तसंच, वर आभाळ दिसत होतं त्यात. मग खुरप्यानं बाजूला उकरलं तर चार बोटं खाली माती पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत होती, ढेकूळ नाही, दाणा नाही, खापराचे तुकडे एकावर एक रचावेत तसे आडवे थर, आणि हरळीच्या मुळ्या त्या थरावर येऊन सरळ आडव्या वळलेल्या. मामा ते हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "मुळीला खालीच जाता येत नाही की रं." हरभऱ्याचं उत्तर तिथंच मिळालं.

दुसऱ्यांदा डबा लावला तो शंभर-दीडशे पावलं वर, जिथं मेंढरं चरून जातात त्या हरळी-मारवेलाच्या माळावर. गवत आखूड झालेलं, लेंड्या पडलेल्या, म्हणजे चराई भरपूर आहे. तरी दुसऱ्यांदा ओतलेलं पाणी आमच्या डोळ्यादेखत उतरत गेलं.

आता हे का होतं ते मी समजून घेतलंय तेवढं सांगतो. जनावरापेक्षा ओल महत्त्वाची. काळ्या मातीत चिकणमाती जास्त, ती वाळलेली असताना वजन पेलते, पण भिजून लोण्यासारखी झाली की खूर पडल्यावर तिच्यातल्या हवेच्या बारीक वाटा दबून बंद होतात, माती लिंपल्यासारखी होते आणि तशीच वाळते. आत हवा नाही म्हणून मुळ्या गुदमरतात, गांडुळं जात नाहीत, टाकलेल्या नत्रातलं बरंच हवेत उडून जातं, आणि पुढचा पाऊस मुरायच्या ऐवजी वरची माती घेऊन तळ्यात जातो. म्हशीचा-गाईचा खुराखालचा दाब मेंढीच्या साधारण दुप्पट असतो, त्यामुळं ओल्या काठावर म्हसरं जास्त नुकसान करतात, पण मेंढरंसुद्धा शेकड्यानं ओल्यात घातली तर तेच होणार.

हे सगळं मी मातीच्या बाजूनं बोलतोय आणि माळावर भेटलेल्या धनगर आबांनी तेच मेंढराच्या बाजूनं सांगितलं. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून कळप बसवलेला, कोकरं वेगळी ठेवलेली. आम्ही लांबनं हाक मारली तेव्हा कुत्री त्यांनी गप्प केली, मग जवळ गेलो. (हे पाळाच, वाड्यावर थेट चालत जाऊ नका, कुत्री अंगावर येतात आणि ती त्यांच्या कामावर असतात.) मी विचारलं, आबा, काठाला एवढं हिरवं गवत आहे, मेंढरं तिकडं का नाही नेत. तर म्हणाले, "पाव्हणं, वल्ल्यात मेंढरू घालायचं न्हाई. खुरं कुजत्यात. आन् त्या चिखलातल्या गोगलगायीमुळं पोटात किडं हुत्यात, जनावर वाळत जातंय." दलदलीतल्या गोगलगायींमुळं पसरणारा यकृताचा चपटा कृमी, तोच हा. म्हणजे मेंढरू वाचवायला जुन्या लोकांनी जो नियम लावला त्यानं आपोआप तळ्याचा काठही वाचत होता. मला या ट्रिपमधलं हे सगळ्यात मोठं वाटलं. आपण तळ्यावर येऊन मेंढरं दिसली की नाक मुरडतो, आणि कधी शिरायचं, कधी नाही ह्याची अक्कल त्यांच्याकडं आपल्यापेक्षा जास्त आहे.

पूर्वी हे कळप दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे, वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, बदल्यात धान्य किंवा पैसे. मेंढीखतात नत्र ३ टक्क्यांच्या आसपास असतं, साध्या शेणखतात अर्धा टक्का, म्हणून रात्रभर बसवलेल्या कळपाला एवढी किंमत. आबांचं घर आता कोकणात जात नाही, कॅनॉलचं पाणी आल्यापासून इथंच राहतात. त्यांचं मी चूक म्हणणार नाही, पोरं शाळेत जातात त्यांची. पण कळप बाराही महिने एकाच माळावर राहिला की माळाला विश्रांती मिळत नाही हे खरं, आणि त्याची खूण शोधायला लॅब लागत नाही. मारवेल, पवन्या ही गवतं दिसली तर माळ चांगला आहे. नुसतं कुसळी गवत आणि जिकडंतिकडं पिवळ्या फुलांचा तरवड दिसला तर समजा की चराई हाताबाहेर गेलीय, कारण तरवडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून तो तेवढा उरतो.

दुपारी मायणीला. २०२१ मध्ये मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. इथं तळ्याभोवती वेडी बाभूळ माजलीय आणि ती कशी पसरते तर शेळ्या-मेंढ्या गोड शेंगा खातात आणि बी लेंडीतनं बाहेर पडून आणखी चांगलं उगवतं. म्हणून शेंगा गळायच्या दिवसांत कळप थेट बाभळीखालनं काठावर आणू नये.

मग कोणी म्हणेल की राखीव क्षेत्र आहे तर चराई पूर्ण बंदच करा. हा प्रयोग देशात झालाय. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव पक्षी उद्यानात १९८२ साली म्हशी-गुरांना बंदी घातली, गोळीबारापर्यंत प्रकरण गेलं, माणसं मेली, आणि नंतर काय झालं तर पाण्यातलं गवत इतकं माजलं की उघडं पाणीच कमी झालं आणि बऱ्याच पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या लांब चाललेल्या अभ्यासातनंच हे पुढं आलं की म्हशी तिथं उपयोगाचं काम करत होत्या. आपलं पाचशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यातलं तळं आणि भरतपूर एक नाही हे मान्य, पण तुतारी, शेकाट्या असल्या पक्ष्यांना उघडा आखूड काठ लागतो आणि तो जनावरंच ठेवतात. उलट मार्च ते मे टिटवी आणि छोटे चिखले उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, तेव्हा काठाचा एखादा तुकडा काट्या लावून सोडून द्यावा, दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असतो.

दुसऱ्या दिवशी दहिवडी, गोंदवले, म्हसवड करत राजेवाडी. ब्रिटिश काळात दुष्काळी काम म्हणून बांधलेला तलाव, भिंत सांगलीच्या आटपाडी तालुक्यात आणि मागचं पाणी साताऱ्याच्या माणमध्ये. पसारा एवढा आहे की दुर्बिणीशिवाय जाऊ नका. इथं आमची चूक झाली, पाण्याच्या जवळ जायचं म्हणून गाडी गाळावर घातली, वरनं साय धरलेली आणि खाली सगळं दही, मागचं चाक अर्धं आत गेलं. खिल्लार चारणाऱ्या दोन पोरांनी बाभळीच्या फांद्या घालून काढून दिली. भेगा पडलेल्या दिसल्या तरी गाळावर गाडी घालू नका, आणि चालतानाही गुरांच्या जुन्या वाटेनंच चाला, नवीन पायवाट पाडू नका.

राजेवाडीला एक गोष्ट चांगली दिसली. जो भाग मागच्या उन्हाळ्यात पूर्ण वाळला होता असं पोरांनी दाखवलं, तिथं हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा आणि उकरल्यावर माती दाणेदार, खुरांच्या वाटेवरसुद्धा. काळी माती फुगते, आकसते, तडकते आणि दबलेले थर स्वतःच फोडते, त्याला काही वर्षं लागतात पण फोडते. म्हणजे दुष्काळी तळ्याचं उन्हाळ्यात आटणं हीच त्या मातीची दुरुस्ती. आता उपसा योजनांचं पाणी ज्या तळ्यांत येतं तिथं काठ ओलाच राहतो, जनावरंही बारा महिने तिथंच, आणि दुरुस्तीची वेळच येत नाही. पाणी यायलाच पाहिजे होतं, ज्यांनी छावण्यांत जनावरं जगवली त्यांना विचारा. फक्त पाणी आलंय तर जनावर कुठनं उतरवायचं हे आता ठरवावं लागणार, आधी ते आटण्यामुळं आपोआप ठरायचं.

जाणाऱ्यांसाठी अजून थोडं. मातीचा नमुना घ्यायचा असेल तर लेंड्यांचा ढीग, झाडाची सावली आणि पाणवठा टाळून दहा-बारा जागी १५ सेंटिमीटर खोल घ्या, एकत्र करून अर्धा किलो पिशवीत, आणि पाणवठ्याचा नमुना वेगळा द्या, एकात मिसळलं तर काहीच कळत नाही. रिपोर्टमध्ये सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कमी. काठावर पांढरी फूट दिसली तर क्षार तपासायला सांगा. गाळपेरीच्या रानात विचारल्याशिवाय पाय ठेवू नका, पीक उभं असतं. ड्रोन नको, रोहित खाणं सोडून उठतात. मेंढक्यांचे फोटो विचारून काढा आणि पाठवतो म्हणालात तर खरंच पाठवा.

परत येताना वडूजला मामांकडं थांबलो. त्यांनी शेजारच्या दोघांशी बोलून ठरवलंय की पुढच्या गाळपेरीला म्हसरांना पाण्यावर जायला एकच वाट ठेवायची, तिच्यावर मुरूम टाकायचा, आणि पाणी उतरल्यावर ताज्या गाळात महिनाभर कुणी जनावर सोडायचं नाही. डबा त्यांच्याकडंच ठेवून आलोय.