आपत्तीनंतर दुरुस्तीची फी माफ व्हावीच, पण परवाना राहू दे

भूकंप असो, पूर असो, वादळ असो नाहीतर वणवा, पहिली धावपळ संपली आणि लोक आपापल्या पडझड झालेल्या घरात परत जायला लागले की एक वाद हमखास सुरू होतो, की घर दुरुस्त करायला जो परवाना लागतो त्याची फी शहराने घ्यावी की माफ करावी. माझं मत आधीच सांगून टाकतो, माफ करावी. जे घर होतं तेच परत उभं करायला परवानगी हवी म्हणून माणूस आलाय आणि त्याच्याकडून आपण आधी पैसे भरून घेतोय हे मला पटतच नाही. पण फी माफ केली म्हणजे काम झालं असंही नाही आणि या विषयावर बोलताना बरेच जण फी आणि परवाना या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ करतात की शेवटी नको तीच गोष्ट माफ होऊन बसते.

मी दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे परवाना म्हणजे नुसता कागद असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. परवाना घेतला की कुणीतरी जाणकार माणूस भिंत बंद करायच्या आधी येऊन बघतो, खरी किंमत त्या बघण्याला आहे. पुराचं पाणी शिरलेलं घर घ्या. भिंत बाहेरून काही दिवसांत कोरडी दिसते, पण स्विचबोर्डची प्लेट काढली की आत स्क्रूंवर हिरवट थर चढलेला असतो, तारेचं टोक काळं पडलेलं असतं, आणि खारं पाणी असेल तर हे अजूनच वाईट. वरून नवीन प्लेट बसवली, रंग मारला की घर चकाचक, आणि पुढे कधीतरी त्याच पॉइंटवर जास्त लोड आला की तिथेच तापायला सुरुवात होते. भूकंपाचंही तसंच. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर तिरप्या फुलीसारखा तडा गेला असेल तर ती भिंत आडवा धक्का घेऊन आतून तुटलेली असू शकते, तिला नुसती पुट्टी भरून चालत नाही. पण पुट्टी भरून रंग दिला की सांगणार कोण? पुढचा धक्काच सांगतो.

आता फीकडे येऊ. कुणी म्हणेल की दुरुस्तीच्या एकूण खर्चात फी ती केवढी, तेवढ्यासाठी कोण परवाना टाळतंय. रकमेच्या हिशोबाने बरोबर आहे, पण वेळेच्या हिशोबाने साफ चूक आहे. ती फी नेमकी कधी मागितली जाते बघा ना. विम्याचे पैसे अजून आलेले नसतात, दुसरीकडे भाडं भरून राहणं चालू असतं, काम बंद असल्यामुळे कमाई अर्धी झालेली असते, ठेकेदार ॲडव्हान्स मागत असतो, आणि अशात ऑफिसच्या खिडकीवर चलन भरा म्हणतात, ते भरल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. मग ठेकेदारच म्हणतो, दादा कशाला त्या भानगडीत पडता, आतल्या आत उरकून टाकू. आणि माणूस हो म्हणतो. मी त्याला दोष देत नाही, पोरंबाळं घेऊन दुसऱ्याच्या घरात राहणारा माणूस हो म्हणणारच. ज्याच्याकडे पैसा आहे तो फी भरून तपासणी करून घेतो आणि ज्याच्याकडे नाही त्याचंच घर न तपासता बंद होतं, म्हणजे सगळ्यात कच्ची घरं सगळ्यात कमी तपासली जातात. फी माफ करायला मला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

बिनपरवाना दुरुस्ती झाली तर नुकसान फक्त त्या घराचं होतं असंही समजू नका. फ्लोरिडात सप्टेंबर 2022 मध्ये इयान चक्रीवादळ आलं, ली काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात, प्रचंड नुकसान झालं. 2024 मध्ये अमेरिकेच्या आपत्ती यंत्रणेने, म्हणजे फेमाने, ली काउंटी आणि तिथल्या काही शहरांना कळवलं की वादळानंतर तुमच्याकडे पूरक्षेत्रात बिनपरवाना कामं फार झालीत, नोंदी नीट नाहीत, तेव्हा पूरविम्यावर तुमच्या रहिवाशांना मिळणारी सवलत काढून घेऊ. बऱ्याच ठिकाणी ती 25 टक्के होती. पुढे धावपळ करून, कागद दाखवून बहुतेकांनी ती वाचवली, फोर्ट मायर्स बीच या गावाला मात्र फटका बसला. म्हणजे ज्याने सगळं नियमाने केलं त्याच्याही विम्याचा हप्ता शेजाऱ्यांच्या बिनपरवाना कामामुळे वाढायची वेळ आली. अर्थात तिथे लोक परवाना टाळत होते ते फक्त फीमुळे असं मी म्हणणार नाही. तिथे नियम असा आहे की दुरुस्तीचा खर्च घराच्या आधीच्या बाजारभावाच्या 50 टक्क्यांवर गेला की जुनं तसंच बांधता येत नाही, नवीन पूरनियमांप्रमाणे करावं लागतं, बऱ्याचदा अख्खं घर उंचावर घ्यावं लागतं. हे कळलं की माणूस परवान्याच्या वाटेलाच जात नाही. तिथे फी माफीने काय होणार, तिथे घर उचलायला मदत द्यावी लागेल. फेमाच्या पूरविम्यात त्यासाठी 30,000 डॉलरपर्यंत वेगळी तरतूद आहे, पण मोठं घर असेल तर तेवढ्यात भागणं कठीणच.

आणि जे लोक म्हणतात फीच कशाला, परवानाच काढून टाका, कटकट संपेल, त्यांनी न्यूझीलंड बघावं. क्राइस्टचर्चला 2010 आणि 2011 मध्ये भूकंप झाले, हजारो घरं दुरुस्त करायची होती, त्यातली बरीच कामं परवान्यातून वगळलेल्या प्रकारात केली गेली म्हणजे शहराचा तपासनीस येणारच नाही. मग 2015 मध्ये तिथल्या सरकारने अशीच 101 घरं निवडून तपासली, त्यातल्या 91 घरांत स्ट्रक्चरल दुरुस्ती झालेली होती आणि 32 घरांची दुरुस्ती नियमात बसत नव्हती. मोठी अडचण निघाली ती घराचा खचलेला फ्लोअर समपातळीत आणायच्या कामात, जॅक लावून घर उचलायचं आणि खाली पॅकिंग सरकवायचं, वरून बघितलं तर फ्लोअर सपाट पण खालचं पॅकिंग धड बांधलेलंच नाही. मग तीच घरं परत उघडा, परत लोकांना बाहेर काढा, परत खर्च. परवाना वाचवून कुणाचंच भलं झालं नाही.

फी माफीच्या विरोधात बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला खरंच महत्त्वाचा वाटतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. अनेक शहरांत बांधकाम खात्याचा पगार, गाड्या, तपासनीस, सगळं फीवरच चालतं. आपत्तीनंतर काम कितीतरी पटीने वाढतं आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही उत्पन्न शून्यावर आणता. मग तपासनीस वाढवायचे कुठून? लॉस एंजेलिसला जानेवारी 2025 च्या वणव्यानंतर हेच झालं, महापौर कॅरन बास यांनी शहरातल्या पॅलिसेड्स या जळालेल्या भागातल्या लोकांसाठी परवान्याची फी थांबवायचा आदेश काढला आणि मग सिटी कौन्सिलमध्ये चर्चा सुरू झाली की शहराचं बजेट आधीच तुटीत आहे, हे पैसे भरायचे कोणी. प्रश्न चुकीचा नाहीच. फुकट परवान्याच्या रांगेत चार महिने उभं राहायचं असेल तर त्यापेक्षा पैसे भरून आठवड्यात परवाना मिळणं लोकांना परवडतं, कारण बाहेरचं भाडं दर महिन्याला चालूच असतं. म्हणून माफीची घोषणा ज्या दिवशी होते त्याच दिवशी खात्याला तेवढे पैसे दुसरीकडून द्यायचा ठरावही व्हायला पाहिजे, शहराच्या आपत्ती निधीतून द्या नाहीतर वरच्या सरकारकडून आणा. अमेरिकेत 2018 च्या एका कायद्याने हे थोडंफार झालंय, मोठी आपत्ती जाहीर झाली की 180 दिवसांपर्यंत परवाने आणि तपासणीच्या वाढीव कामाचा खर्च शहरांना केंद्राकडून मागता येतो. मला हा मार्ग सगळ्यात बरा वाटतो कारण यात घरमालकही वाचतो आणि तपासनीसही टिकतो.

बाकी अटींबद्दल थोडक्यात. होतं तेवढंच घर परत उभं करायला पूर्ण माफी, वर एक मजला चढवायचा असेल तर त्या मजल्याची फी भरा, यात काही अन्याय नाही. भाड्याने दिलेल्या घरांनाही माफी पाहिजे, मालकाची दया म्हणून नाही तर आत राहणाऱ्या भाडेकरूसाठी. विम्याचं जरा बघावं लागेल, काही पॉलिसींमध्ये परवान्याचा खर्च धरलेला असतो, तिथे फी माफ केली तर फायदा विमा कंपनीचा होतो, तेव्हा जिथे कंपनी देतेय तिथे खुशाल घ्या. पण हे शोधायला माणसाला परत दहा फॉर्म भरायला लावू नका, नुकसानीचा पंचनामा झालाय, घराला लाल (आत जाणं धोक्याचं) किंवा पिवळा (मर्यादित वापर) टॅग लागलाय, तर त्या पत्त्यावर माफी आपोआप लागली पाहिजे, वेगळा अर्ज नको. मुदतही सहा महिने ठेवू नका. विम्याचे वाद वर्ष वर्ष चालतात आणि ज्याचे पैसे उशिरा येतात तोच गरजू असतो, निदान तीन वर्षं तरी द्या.

आणि माफीचा निर्णय व्हायच्या आधीच, पहिल्या काही आठवड्यांत ज्यांनी कुठून कुठून उसने आणून फी भरली आणि नियमाने परवाना घेतला, त्यांना प्रत्येक वेळी सगळे विसरतात. त्यांची नावं, पत्ते, पावत्या सगळं खात्याकडे आहे, त्यांचे पैसे त्यांनी मागायच्या आधी परत करा.