दोन घरं मागे

शनिवार, रात्री उशिरा

डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाचं, सेशन संपून तास होऊन गेला तरी झोप नाही. डोक्यात अजून ती कड्यावरची वाट आहे.

आज टेबलावर एक नवा मुलगा आला होता. क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, निवडताना त्याने विचारलं, "फायटर बोअर असतो ना?" निम्म्या माना डोलल्या, विझार्डवाल्याची, म्हणजे जादूगार खेळणाऱ्याची, सगळ्यात जोरात. त्याचं म्हणणं नेहमीचंच: फायटरने काय करायचं, तर "मारते" म्हणायचं, फासा टाकायचा आणि पुन्हा आपली पाळी येईपर्यंत चिवडा खायचा.

त्याचं अगदीच चूक आहे असं नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये फायटर पहिल्या दिवसापासून आहे. १९७४ च्या मूळ खेळात तीनच क्लास होते, त्यातला एक 'फायटिंग-मॅन'. पण त्या पुस्तकात तलवार असो की खंजीर, घाव एकाच सहा बाजूंच्या फाशाने मोजायचा. हत्यारागणिक वेगळे फासे आले ते पुढच्या वर्षीच्या 'ग्रेहॉक' पुरवणीत. नंतर, १९८५ मध्ये, एकाच हत्यारात प्रावीण्य मिळवायची सोय झाली, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यासाठी वेगळे फीट, म्हणजे निवडून घ्यायची खास कौशल्यं, आले. पण मिळायचं काय, तर नेम साधायला अधिक एक आणि घावाला अधिक दोन. आकडा फुगतो, हत्यार तसंच राहतं. अशा खेळात मीही चिवडाच खाल्ला असता.

२०२४ च्या नव्या प्लेयर्स हँडबुकने हे बदललं. आता प्रत्येक हत्याराला स्वतःची एक खोड आहे, तिला मास्टरी म्हणतात. मॉलचा, म्हणजे मोठ्या घणाचा, फटका बसला की समोरच्याला तोल सांभाळावा लागतो, नाहीतर तो आडवा. ग्रेटस्वर्ड हुकली तरी ताकदीच्या बोनसइतकं ओरबाडून जाते. हॅल्बर्डचा, म्हणजे लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचा, घाव एकाला लागला की शेजारच्यावरही वार करता येतो. आणि पाइक, तो लांबलचक भाला! पाइकचा घाव बसला की समोरचा दहा फूट मागे. वाचायची संधीच नाही, बचावाचा फासा नाही. फक्त तो 'लार्ज' मापापेक्षा मोठा नसावा.

माझी फायटर सगुणा पाचव्या लेव्हलला आहे, म्हणजे चार हत्यारांची मास्टरी: पाइक, हॅल्बर्ड, मॉल आणि लाँगबो. पाठीवर हे सगळं लादून ती दारातून आत कशी शिरते हे नियम विचारत नाहीत. त्यांना वजनाशी मतलब. त्यातही पाइकचं वजन १८ पाउंड, म्हणजे आठ किलो, लिहिलंय आणि पल्ला फक्त दहा फूट. खरे पाइक १५-१८ फूट लांब असायचे आणि इतके जडही नसायचे. असो, हा माझा जुना राग आहे.

तर आजची लढाई. नकाशावर वाट तीन घरं रुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. समोरून एक ओगर, म्हणजे 'लार्ज' मापाचा राक्षस, मागे गोब्लिन, आणि त्यांच्या मधोमध दोरीने बांधलेले व्यापारी, ज्यांना सोडवायलाच आम्ही आलो होतो. म्हणजे फायरबॉल, सगळ्यांना एकदम भाजणारा आगीचा मंत्र, बाद. विझार्डवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. फायरबॉलचे आठ फासे मुठीत धरून बसला होता बिचारा.

ओगर कड्याला चिकटून येत होता. शहाणा प्राणी दरीकडून कशाला चालेल? त्याला तिकडे ओढायला आमचा 'रोग' (चोर-पात्र) दरीच्या काठाने पळाला, दगड मारत, शिव्या देत. ओगर वळला. कड्याकडचं एक घर रिकामं झालं. मी त्या घरात घुसले, पाठ कड्याला लावली, पाइक समोर धरला. आता ओगर दरीच्या बाजूला, मी आतल्या बाजूला. ढकलायचं असतं ते सरळ आपल्यापासून लांब. दहा फूट म्हणजे दोन घरं, आणि ओगरही बरोबर दोन घरं रुंद.

त्याचं एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, ११, माझा बोनस अधिक सात. वीस बाजूंच्या फाशावर चार किंवा वर पडलं की झालं. सहा पडले.

डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पुस्तक उघडलं, ओळ पुन्हा वाचली, पुस्तक मिटलं. "गेला."

नंतर त्याने दाखवलं, ओगरचे ६८ हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे आकडे, होते. माझा पाइकचा घाव सरासरी साडेनऊ, म्हणजे नुसतं भोसकत बसले असते तर सात-आठ घाव लागले असते, आणि तोवर त्याचा सोटा माझ्या डोक्यात. मला फायटर आवडतो तो यासाठी. विझार्डचा विचार स्पेलच्या यादीत चालतो, माझा चौकटींच्या कागदावर. कुठे उभी आहे, हातात काय आहे, समोरचा कुठे असायला हवा. पुढे उरलेल्या गोब्लिनांना हॅल्बर्डने आवरलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मॉलने एकाला आडवा केला तेव्हा रेंजर चिडली, कारण पडलेल्यावर लांबून बाण मारायला डिसअॅडव्हान्टेज लागतो, म्हणजे दोन फाशांतला कमीचा धरायचा. "मला विचारून पाडत जा ना!" तिचं बरोबर होतं.

फायटर खरा उघडा पडतो तो लढाई संपल्यावर. सुटलेल्या व्यापाऱ्यांशी बक्षिसाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी पुन्हा चिवड्याकडे. नव्या नियमात सेकंड विंड, म्हणजे दम परत मिळवायची मोजकी संधी, खर्च करून फसलेल्या चेकमध्ये (कौशल्याच्या फाशात) एक दहाचा फासा मिळवता येतो. मिळवला. तरी फसलाच. तसं झालं तर सेकंड विंड वाया जात नाही, एवढीच दया. माझ्या मते हा क्लास अजून अर्धाच सुधारलाय.

निघताना डीएमला विचारलं, सगुणाला विटा घेता येईल का? लहानपणी कोल्हापूरला मर्दानी खेळात पाहिलेला, दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. खेळात फेकलेलं हत्यार तिथेच पडून राहतं, हे मला कायम खटकतं. डीएम म्हणाला, जॅव्हलिन, म्हणजे फेकायचा भाला, धर, दोरी वीस फुटांची. लाँगबोऐवजी जॅव्हलिनची मास्टरी घेतली तरी दोन्हींची खोड एकच, स्लो. फक्त लांबचा नेम जाईल. मग विझार्डवाल्याने शंका काढली: भाला ओगरमध्ये रुतला आणि ओगरनेच दोरी ओढली तर? त्यावर दोघं जिन्यात अर्धा तास भांडले. निकाल पुढच्या सेशनला.

मी तोवर सगुणाच्या शीटवर जॅव्हलिन खोडून विटा लिहिलंय. पेनने.