येऊन गेलो, नाव लिहून गेलो

इजिप्तमधल्या लक्झरची एका दिवसाची गाईडेड टूर म्हणजे साडेतीन हजार वर्षं, जेवणाची सुट्टी धरून, संध्याकाळपर्यंत उरकणं. पहाटे नाश्त्याचा पुठ्ठ्याचा डबा मांडीवर घेऊन व्हॅनमध्ये बसायचं आणि नाईल ओलांडून पश्चिम काठाला लागायचं. सूर्य तिकडे मावळतो, म्हणून राजांची थडगी तिकडे. कर्नाक आणि लक्झर ही देवांची मोठी देवळं अलीकडच्या काठावर.

आमचा गाईड चांगला होता. म्हणजे सनावळ्या कमी आणि भांडणं जास्त सांगणारा. राजांच्या दरीत थडग्याच्या आत गाईडला बोलायला मनाई आहे, कारण माणसं ऐकत उभी राहिली की वाट तुंबते. त्यामुळे तो बाहेर उन्हात छापील फोटो दाखवून सगळा पोर्शन घेतो आणि मग परीक्षेला सोडावं तसं आपल्याला आत सोडतो. आत गेल्यावर निम्मं विसरतंच.

सहाव्या रामसेसच्या थडग्याला वेगळं तिकीट पडतं. बिनतक्रार काढावं. शेवटच्या दालनाच्या छतावर आकाशदेवी नूत अंग ताणून पसरलेली आहे. रोज संध्याकाळी ती सूर्य गिळते आणि पहाटे त्याला जन्म देते. माना दुखेपर्यंत बघितल्यावर नजर खाली उतरली, तर भिंतीवर हात पोचेल तिथे खरवडलेली अक्षरं. ग्रीक आणि लॅटिन, हजाराच्या घरात. दोन हजार वर्षांपूर्वीचे पर्यटक इथे मशाली घेऊन यायचे आणि नाव टाकून जायचे. एकाने लिहिलंय की दगडी शवपेटी सोडली तर काही आवडलं नाही. दुसऱ्याची तक्रार, ही चित्रलिपी मला वाचता येत नाही. त्याखाली तिसऱ्याचं उत्तर, नाही येत तर नाही, त्याचं एवढं काय घेऊन बसलायस! भिंतीवरची ही खडाजंगी वाचून मला पहिल्यांदाच त्या काळातली माणसं ओळखीची वाटली. ममी बघून असं कधी झालं नव्हतं.

एकदा हा नाद लागला की दिवसभर दुसरं दिसत नाही. हातशेपसुतच्या देवळात उलटा प्रकार. ही बाई वीसेक वर्षं फेरो, म्हणजे इजिप्तचा राजा, म्हणून राज्य करून गेली आणि तिच्या मागे तिसऱ्या थुतमोसच्या कारकिर्दीत तिची नावं, चित्रं छिन्नीने तासली गेली. तासलेल्या जागेची बाह्यरेषा मात्र तशीच राहिली, त्यामुळे गाईड नेमकं तिथेच बोट ठेवतो. कर्नाकला तिचा अखंड ग्रॅनाइटचा ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी खांब, उभा आहे, सुमारे २९ मीटर. तो पाडण्याऐवजी भोवती भिंत बांधून झाकला होता. झाकलेला भाग त्यामुळेच उत्तम टिकला.

हे सगळं तिसऱ्या रामसेसला बहुधा पुरतं ठाऊक असावं. मदिनत हाबूच्या देवळात त्याने आपलं नाव इतकं खोल खोदवून घेतलंय की अक्षरांत पंजा आत जातो. पुढच्याने तासायला घेतलं तर भिंतच संपेल. सुरक्षिततेची ही तऱ्हा मला फार आवडली.

मधला अलाबास्टर दगडाच्या वस्तूंचा कारखाना मी सोडून देतो. तिथे घासाघीस झाली, चहा मिळाला, ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ झालं, एवढं पुरे.

मेम्नॉनचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन पुतळ्यांपाशी टूरवाले फोटोपुरते थांबतात. पुतळे खरे तिसऱ्या अमेनहोतेप राजाचे, बसलेले, सुमारे १८ मीटर उंच. इसवी सनापूर्वी २७ साली भूकंपात उत्तरेकडचा फुटला आणि पहाटेच्या उन्हात त्यातून सूर निघू लागला. तो ऐकायला रोमहून माणसं येत आणि ऐकल्याची पोच पुतळ्याच्याच पायांवर कोरून जात. इ. स. १३० मध्ये सम्राट हेड्रियन आणि राणी सबिना आले. त्यांच्यासोबत ज्युलिया बाल्बिला नावाच्या कवयित्री होत्या. पुतळा पहिल्या दिवशी गप्पच राहिला. बाईंनी त्यावरही कविता केली, की राणीसाहेबांनी पुन्हा यावं म्हणूनच तो मुद्दाम बोलला नाही. दरबारी माणूस कुठेही कमी पडत नाही. पुढे कुणीतरी फुटका भाग दगड रचून दुरुस्त केला आणि आवाज कायमचा बंद झाला.

आपल्याकडे सिंहगडावर बदामात बाण मारलेली नावं दिसली की मी तोंडभर शिव्या देतो. पण अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याने १८१९ साली खांबावरच्या चित्रावर खरवडलेलं नाव मात्र आपले गाईड टॉर्च मारून दाखवतात आणि आपणही वाकून बघतो. किती वर्षं झाली की खोडीचा शिलालेख होतो? लक्झरच्या देवळात दिवे लागताना मी हे गाईडला विचारलं. तो हसला आणि त्याने २०१३ ची गोष्ट सांगितली. चीनहून आलेल्या एका शाळकरी पोराने इथल्याच कोरीव चित्रावर ‘मी इथे आलो होतो’ असं स्वतःच्या नावासकट खरवडलं. त्याचा फोटो पसरला, देशभर छी-थू झाली, आईवडिलांनी वर्तमानपत्रातून माफी मागितली आणि अक्षरं घासून काढली गेली.

बाल्बिलाबाईंच्या चार कविता मात्र पुतळ्याच्या पायावर आहेत तशाच आहेत. अभ्यासक त्यांच्या ग्रीक बोलीवर प्रबंध लिहितात.